इंजिनाचा नैवेद्य

बाबांना ग्वाल्हेरच्या हॉस्पिटलात न्यायचं असलं, की आई माझ्याआधी गाडीपाशी हजर. हातात तबक, तबकात हळद-कुंकू, अक्षता, गूळ आणि बडा बाजारातून आणलेल्या सुक्या खोबऱ्याचे तुकडे. बॉनेट उघडायचं, इंजिनाला कुंकू लावायचं, वर अक्षता टाकायच्या, खोबरं-गूळ बॅटरीशेजारी ठेवायचा आणि डोळे मिटून हात जोडायचे. मी किल्ली घेऊन धुमसत उभी असायचे.

"आई, त्याला दात आहेत का खोबरं खायला?"

"तू गाडी चालव ना. बाकीचं मी बघते."

मुळात ही पद्धत बाबांचीच. तरुणपणी नागपूरहून झाशीच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेला हा माणूस देवळात फारसा गेला नाही, पण खंडेनवमीला पाने, पक्कड आणि गाडीचं इंजिन पुजल्याशिवाय जेवला नाही. वर्षातून एकदाच. बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि आईनं ती पूजा दर फेरीला सुरू केली. गर्दीत नेऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणजे रेल्वे बंद. किमोची सगळी भिस्त त्या म्हाताऱ्या गाडीवर आली. आईनं तिलाच साकडं घातलं यात नवल नव्हतं, पण तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. सगळ्याच गोष्टींचा यायचा.

थंडीतली गोष्ट. दतिया मागे पडलं आणि गाडी गचके खायला लागली. पाय दाबला तरी वेग येईना, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. बाबा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर पाय ठेवून पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "मिस करतेय. एक सिलिंडर मेलंय."

मी गाडी कडेला घेतली. "दतियात परत जाऊ, तिथून टॅक्सी करू."

"नको. घरी चल."

"बाबा, आज किमो आहे."

"आज नको म्हटलं ना."

मी आईकडे पाहिलं. ती त्यांच्या पायांवरची शाल सारखी करत राहिली. मला दोघांचा राग आला, गाडीचा आला, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा की बाबांच्या आवाजात मला सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं होतं. गाडी रखडत, धापा टाकत परत झाशीला, प्रेम नगरच्या घरी आणली. हॉस्पिटलनं पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पलंग खिडकीशी ओढायला लावला. बाहेर मी बॉनेट उघडून उभी. शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, "बिटिया, पेट्रोल में कचरा है. और गाड़ी भी बुढ़ा गई, बेच डालो अब." खिडकीतून बाबांचा आवाज आला, "भाईसाहब, पहले सुन तो लीजिए." काका हसून गेले.

"इंजिन चालू ठेव," बाबा मला म्हणाले. "चार सिलिंडरना ठिणगी देणाऱ्या चार कॉइल आहेत. एकेकीचं कनेक्शन काढ, ऐक, परत लाव. काढल्यावर इंजिन अडखळलं तर ते सिलिंडर चांगलं. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर तेच मेलंय."

पहिलं काढलं, इंजिन लडखडलं. दुसऱ्यालाही तेच. तिसरं काढलं आणि काहीच झालं नाही. होतं तसंच फडफडत राहिलं.

"तेच," खिडकीतून आवाज आला. "आता त्याच्या वायरवरून हात फिरवत मागे जा."

वायर मागे खाली जिथे वळत होती तिथे तिचं आवरण गेलं होतं आणि आतली तार तुटली होती. टॉर्च मारली. खाली कापसाचं, चिंध्यांचं घरटं, लेंड्या, कुंकवानं लाल झालेले तांदूळ आणि अर्धवट कुरतडलेलं खोबरं.

मी इंजिन बंद केलं. खोबऱ्याचा एक तुकडा मुठीत घेऊन घरात गेले. आई स्वयंपाकघरात होती. बाबांसमोर मूठ उघडली. त्यांना कळायला एक क्षण लागला, मग ते हसले. कित्येक आठवड्यांत हसले नव्हते. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले. "आयुष्यभर स्वतःला खात बसेल."

आईला मी सांगितलं की वायर गेली होती, जुनी झालीय गाडी. वायर जोडून घेतली, घरटं काढलं आणि आत एका पुरचुंडीत डांबरगोळ्या बांधून टाकल्या. इंजिन एकसारखं चालायला लागलं. बाबा खिडकीतून बराच वेळ ते ऐकत होते.

पुढच्या फेरीच्या सकाळी मी आईला बॉनेट उघडूच दिलं नाही. उशीर झालाय म्हणून तिच्यावर ओरडले. ती तबक फाटकाच्या खांबावर ठेवून निमूट गाडीत बसली. ग्वाल्हेरला रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, आता किमो झेपणार नाही. बाबा होळीच्या आधी गेले.

भेटायला येणारा प्रत्येक जण त्या चुकलेल्या फेरीचा विषय काढायचा. मी ठणकावून सांगायचे, डॉक्टर म्हणालेत, एका फेरीनं काही फरक पडला नसता. आई समोर बसून ऐकत असायची.

यंदा खंडेनवमीला घरात सण नव्हता, वर्ष व्हायचं होतं. तरी आईनं बाबांची हत्यारं पुसून मांडली आणि गाडीपाशी येऊन तबक माझ्या हातात दिलं. "तूच लाव. मी आता लावत नाही."

तबकात हळद होती, कुंकू होतं, झेंडूचं एक फूल होतं.

"अक्षता राहिल्या," मी म्हटलं. "आणि खोबरं?"

"उंदीर येतात," आई म्हणाली.

बॉनेटखालून डांबरगोळ्यांचा वास येत होता. तिला बॉनेट उघडू दिलं नाही त्या सकाळी फाटकापर्यंतही आलाच असेल.

"डॉक्टर खरंच म्हणाले होते ना गं?" तिनं विचारलं. "की फरक पडला नसता?"

"हो, आई."

तिनं मान हलवली आणि पदरानं बॉनेटवरची धूळ पुसायला लागली. मग मी बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावलं. डॉक्टरांना मी हे कधी विचारलेलंच नाही, आणि आता विचारायची माझी छाती नाही.