बिनपदराची अक्षरं

आज दुपारी माझ्या लेकीनं तिचं गुजराती गोष्टींचं पुस्तक आईसमोर धरलं. "आजी, वाच ना!" आईला फक्त मराठी वाचता येतं, ती हिरमुसणार असं मला वाटलं.

आई सरळ वाचूच लागली!

नव्वदच्या दशकातली एक उन्हाळी सुट्टी आठवली. पर्वत पाटिया या गुजराती वस्तीतल्या आमच्या खोलीत मी मराठी, हिंदी, गुजराती, मिळेल ते वाचायचे. आई गुजराती पान बघून म्हणायची, "या अक्षरांच्या डोक्यावर पदरच नाही गं!" मग मी पेन्सिलीनं वरची रेघ ओढून द्यायचे. सुट्टी संपली, मी विसरले.

"आजी, गुजराती कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं. ती पदर ओढून द्यायची. मग मला बिनपदराचीबी ओळखू यायला लागली."

मी अजून थक्क आहे. तुमच्या घरी, तुम्हाला न कळता, कोण वाचायला शिकलं?