टाकी, टिकली आणि युनिक्स

"ताई, पाणी वर चिकटलंय," भोईरमामा म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघितलं. टाकीतलं निळं पाणी झाकणापासून खाली लोंबत होतं आणि तळ ठणठणीत कोरडा. शिवाय गोल टाकी चेपून बटाट्यासारखी झाली होती.

ऐंशीच्या दशकाची अखेर. खोपोलीच्या एका कारखान्यात मी टेंपररी प्रोग्रॅमर होते. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं चित्र मी डॉसवाल्या पीसीवर काढलं होतं. टाकीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचं रीडिंग वायरनं येई आणि पाणी चढलं की चित्रातलं निळंही चढे. पंप चालवणारे भोईरमामा त्यावर बेहद्द खूश, कारण शिडी चढून टाकीत डोकवायचं सुटलं होतं.

मग डॉसऐवजी युनिक्सवर चालणारं नवं मशीन आलं. आमच्या पाटणकर साहेबांनी मला बोलावलं.

"वैद्य, तुमचा प्रोग्रॅम सी भाषेतला. सी पोर्टेबल असते ना?"

"हो सर." पोर्टेबल म्हणजे एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर नेता येणारी.

"मग उचला. पुढच्या आठवड्यात डायरेक्टर येतायत. त्यांच्यासमोर चाललं तर तुम्हाला परमनंट करायचं बोलतो. नाही चाललं, तर तुमचं काँट्रॅक्ट संपतंच आहे."

वडील रिटायर झाले होते. मला ती नोकरी हवीच होती.

हिशेबाचा भाग, म्हणजे रीडिंगवरून पाणी किती ते काढणं, निमूटपणे नव्या मशीनवर गेला. अडलं ते चित्र. सीला स्वतःला साधी रेघ मारता येत नाही, ते ज्या त्या मशीनच्या मर्जीवर. डॉसवर मी स्क्रीनच्या मेमरीत, ठरलेल्या पत्त्यावर, थेट ठिपके टाकत होते. डॉस कुणाला काही विचारत नसे. युनिक्सचा वॉचमन मात्र कडक. परक्या पत्त्यावर पाऊल पडताच त्यानं माझा प्रोग्रॅम गेटाबाहेर काढला. मग मशीनसोबत आलेली चित्रं काढायची तयार फंक्शन्स वापरून सगळं पुन्हा लिहिलं. डॉसवर उंची वरून खाली मोजायची, इथं खालून वर. म्हणून पाणी वर चिकटलेलं. ठिपक्यांचा आकारही वेगळा, म्हणून टाकी चेपलेली.

पाणी खाली आणलं. बटाट्याची पुन्हा टाकी केली.

"आता ब्येस हाय," मामा म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

डायरेक्टर आले. पाणी झकास चढत होतं, साहेब झकास इंग्लिश बोलत होते. मामा पंपाच्या बटणावर बोट ठेवून स्क्रीनकडे टक लावून उभे. एवढ्यात डायरेक्टरांचा ड्रायव्हर बोंबलत आत आला. त्यानं गाडी सावलीला म्हणून टाकीखाली लावली होती, काचा उघड्या ठेवून.

"मामा, पंप बंद करा!" मी ओरडले.

"आवो, पन टिकलीला कुठं टेकलंय आजून?"

तेव्हा उलगडा झाला. जुन्या स्क्रीनच्या काचेवर मामांनी बायकोच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली होती. पाणी टिकलीला टेकलं की पंप बंद. चित्राशेजारचे आकडे ते बघतच नसत. ती टिकली मी रोज बघायचे. मला वाटायचं माझीच पडली असेल. त्या दिवशी सकाळी मामांनी जुन्या काचेवर पट्टीनं माप घेतलं आणि नव्या काचेवर बरोबर तेवढ्याच उंचीवर दुसरी टिकली लावली. पण नव्या स्क्रीनवर टाकी लहान आणि खाली होती. टिकली आली ती टाकीच्या काठाच्याही वर, जिथं पाणी कधी टेकणारच नव्हतं.

"माप चुकलं नाय, ताई. पट्टीनं घेतलंय."

माप खरंच चुकलं नव्हतं. मी मेमरीतला पत्ता पक्का धरून ठिपके टाकले होते, मामांनी काचेवरचा धरून टिकली लावली. एकाच शाळेतले आम्ही दोघं.

गाडी बघून आलेले डायरेक्टर ओले बूट झटकत म्हणाले, "हेच आपल्या दुसऱ्या कारखान्यात न्यायचं तर? तिथं आणखी वेगळं मशीन आहे."

"सी पोर्टेबल असते, सर!" पाटणकर साहेब घाईनं म्हणाले.

नोकरी गेलीच होती. मी खरं सांगून टाकलं. "हिशेब जाईल, सर. चित्र प्रत्येक मशीनवर नव्यानं लिहावं लागेल."

"आणि ते येतं कुणाला?"

साहेबांनी नाइलाजानं माझ्याकडे बोट केलं. "सध्या हिला एकटीलाच."

"मग हिला सोडू नका."

पंप बंद करायची रेघ मी त्याच दिवशी चित्रात ओढली. महिन्याभरात परमनंटची ऑर्डरही आली. प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे पोर्टेबल निघाला असता, तर त्यांनी तो उचलून नेला असता आणि मला घरी पाठवलं असतं.