फोटोपुरती शाल

मंडळी, किळस आलीय, म्हणून लिहून राह्यलो.

आज जालन्यात माझ्या पुस्तकाबद्दल सत्कार होता. मी म्हणलं, आधी रहीमचाचांचा करा. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात पेपर वाचत बसायचो, तिथंच मला लिहायचं वेड लागलं.

चाचांना शाल घातली, फोटो झाला. ते स्टेजवरून उतरले तसा एक संयोजक म्हणतो, "चाचा, शाल द्या जल्दी, पुढच्या पाहुण्याला लागते."

चाचांनी नीट घडी घालून दिली. "लो बेटा," म्हणाले.

माझी शाल कुणी मागितली न्हाई. मी ती संयोजकांच्याच टेबलावर फेकून आलो.

आता चाचांचा तोच शालीतला फोटो ग्रुपवर फिरून राह्यला. वर लिहिलंय, 'कृतज्ञता सोहळा'. खाली सगळे हात जोडून राह्यलेत.

तुम्हीबी जोडले का?