धावड्याचा डिंक आणि गोंदियाची फेरी

पुण्याहून गोंदियाला फिरायला सहसा कोणी जात नाही. मी गेले ते पीएचडीमुळे. आमच्या विद्यापीठाचा तिथल्या एका फार्मसी कॉलेजशी करार आहे. त्यामुळे मार्गदर्शक दोन, आणि यंदाचा प्रगतीचा आढावा गोंदियात. धावड्याच्या डिंकाने औषधाच्या गोळ्या बांधायच्या, हा माझा विषय. तिथल्या प्राध्यापिका रेखाताई रहांगडाले त्याच डिंकावर पीएचडी करतात. निकाल दोघींनी मिळून मांडायचे होते. त्यांच्या गोळ्या टणक होत्या, माझ्या डबीतच फुटत होत्या.

थेट गाडी आहे, पण प्रवास लांबचा. खायला सोबत घ्या. स्टेशनवर मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत येतं. राहिले गोंदियाला लागूनच्या फुलचूरला, रेखाताईंकडेच. जेवायला भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटीवर गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजारात डिंक घ्यायला गेलो. रस्ता बरा आहे. दोन्हीकडे धान कापलेली शेतं. बाजारातच माझ्या पुण्याच्या सरांचा फोन आला. आढाव्यात फक्त रेखाताईंचे आकडे दाखवा, बाकीचं नंतर बघू, म्हणाले. रेखाताईंची अभ्यासरजा संपत आली होती. काम आता मान्य झालं असतं तर त्या लगेच प्रबंध लिहायला बसू शकल्या असत्या. मी त्यांना सरांचा निरोप सांगितला.

डिंकाचा खडा उजेडात धरून त्या म्हणाल्या, "काऊन लपवायचं? औषध काय फक्त गोंदियातच खातेत का?"

आढाव्याला आमच्या विद्यापीठाची आणि त्यांच्या कॉलेजची माणसं होती. माझ्या फुटलेल्या गोळ्यांचा फोटो रेखाताईंनी स्वतःच पडद्यावर लावला. एका परीक्षकांनी कारण विचारलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग समितीने ठरवलं, डिंकाची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करा. दोघींचंही काम लांबलं.

पुण्यात परतल्यावर त्यांच्या डिंकाच्या गोळ्या बांधल्या. त्याही फुटल्या. माझ्या डिंकाच्या गोळ्या तिकडे शाबूत राहिल्या. दोष डिंकात नव्हता. आमच्या यंत्राचा दाब चुकत होता. दाब सुधारल्यावर माझ्याही गोळ्या टिकू लागल्या.

रेखाताईंची रजा तोवर संपली. आता त्या तास आटोपून प्रयोगशाळेत थांबतात, पीएचडीवर अडलेली बढती लांबली. त्याचं वाईट वाटतं का, असं मी फोनवर विचारलं. त्यांनी सांगितलं की यंदा वर्गात गोळ्या बांधायचा धडा त्यांनी माझ्या फुटलेल्या गोळ्यांपासून सुरू केला.