सौंसरचा आकडा, नागपूरचा आकडा

काचेच्या नळ्या धुतल्या की रक्त जातं, पण किस्से जात नाहीत! सौंसरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये ऐंशीच्या दशकात ते असेच साचले.

यकृताच्या कॅन्सरची शंका आली की आमचे डॉक्टर दोन चाचण्या करवत. अल्कलाइन फॉस्फेटेज मी इथेच करायचो. दुसरी एएफपी, तिचं रक्त बसने नागपूरला जायचं. कॅन्सर असला की बहुधा दोन्ही आकडे चढतात. मग दोन्ही आकडे शेजारी मांडून डॉक्टर बघत, खरं कोण बोलतं!

*

एकदा बोरगावजवळ बस बंद पडली. रक्ताच्या थर्मासमधला बर्फ वितळू लागला. कंडक्टरने संत्र्यांचा ट्रक अडवला अन् थर्मास त्याच्या ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवला. "सांभाळून ने भाऊ, यात कोणाचा तरी जीव हाय!"

अख्खी बस उन्हात उभी, रक्त मात्र वेळेत नागपुरात!

*

एका शेतकऱ्याच्या रक्तात माझा आकडा चढलेला, नागपूरचा नॉर्मल. डॉक्टरांनी धोतर वर करायला लावलं. पिंडरीचं हाड मोडून जुळत आलेलं! हाड जुळतानाही हा आकडा चढतो.

"बैलगाडीवरून पडलो होतो जी. तुम्ही पोटाचंच विचारून राहिले, पायाचं कुठं विचारलं?"

मी थक्क! रक्ताला पायाचंही माहीत होतं.

*

एकदा दोन्ही आकडे नॉर्मल आले. मी खूश. डॉक्टरांनी पेशंटच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही गाठ आपले कागद वाचत नाही." तो माणूस दिवाळी पाहू शकला नाही. मला फार लागलं ते.

*

आणि पांढुर्ण्याच्या सुमनबाई. शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या जवळ, लग्नाला पंधरा वर्षं, मूल नाही. कावीळ होऊन गेलेली, उलट्या, पोट फुगलेलं. माझा आकडा नॉर्मल, नागपूरचा चांगलाच चढलेला. नवरा जामसांवलीच्या देवळात नारळ वाहायला गेला होता, म्हणून बाई एकट्याच आल्या.

"लपवू नका साहेब. किती दिवस हायेत?"

डॉक्टरांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग विचारलं, "बाई, पाळी कधी आली होती?"

"चार महिने झाले. वय झालं म्हणून थांबली असंल."

डॉक्टरांनी मला लघवी तपासायला लावली. मी तीनदा तपासली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, पोटात बाळ असलं तरी नागपूरचा आकडा चढतो. तुम्हाला दिवस गेलेत!"

सुमनबाईंनी पोटावर पदर ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या,

"मरायची तयारी करून आली होती, साहेब. याची कुठं केली?"