डोंगरधारेवर भेटलेली सिस्टर

माझा माझ्या पायांवर भरवसा होता, देवावरचा उडाला होता. यजमान आजारी पडले तेव्हा आमच्या कोकणातल्या देवीला मी काय काय नवस बोलले नव्हते! तरी ते गेले. त्यानंतर घाटकोपरच्या घरात दिवा लागायचा तो सवयीने. मागणं मात्र थांबलं. शेजारणीने मला मुलुंडच्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये ओढलं आणि पन्नाशी उलटल्यावर कळलं, की मी दिवसभर न थकता चालू शकते. सह्याद्रीच्या धारेवर, दोन्ही अंगांना दरी असताना, तरण्या पोरांच्या पुढे निघून जायला मला आवडू लागलं. आपलं आपण निभावतो, कुणापुढे हात पसरायला नको, हे मनात पक्कं बसलं.

माघातल्या एका रविवारी माझी मुलगी केतकीही बरोबर आली. अंधेरीतल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारी ती. पहिल्या चढालाच म्हणाली, "आई, तुझे पाय आहेत का मशीन? थांब ना यार!" मी हसून पुढे गेले. दुपारच्या सुमारास वाट एका उंच कड्याखालून जात होती. कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकत होती. आमचा लीडर प्रशांत हळू आवाजात म्हणाला, "इथून गपचूप निघायचं. कुणी बोलू नका." आम्ही तसेच चाललो होतो. तेवढ्यात एका घारीने वरच्या पोळ्यावर झडप घातली, आणि पुढच्या क्षणी आकाश काळं होऊन खाली आलं.

जमेल तसे दूर जाऊन, बसायला आणलेल्या चादरी अंगावर ओढून आम्ही पडून राहिलो. घोंघावणं ओसरल्यावर उठलो. सगळ्यांनाच डंख बसले होते. केतकीला मानेवर चार-पाच. "वाट लागली गं माझी," म्हणून ती हसली, आणि मला बरं वाटलं. पण थोड्याच वेळात तिच्या अंगावर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. ती माझा हात घट्ट धरून श्वास ओढू लागली. फोनला रेंज नव्हती. पायथ्याचं गाव कित्येक तास खाली. प्रशांतच्या प्रथमोपचार पेटीतल्या गोळीने काही फरक पडेना. लेकीचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि मी, जिला धारेवर कुणी मागे टाकू शकत नव्हतं, केतकीजवळ नुसती गुडघे टेकून बसले होते. माझ्या तोंडून कधी निघून गेलं, मला कळलं नाही: "देवीआई, माझ्यानं होत नाही. आता तू बघ." तक्रार नव्हती, नवस नव्हता. हातातलं ओझं खाली ठेवावं, तसं ते झालं.

समोरच्या वळणावरून एक बाई आणि तिचा भाऊ येताना दिसले. लेणी बघायला निघालेले, फाट्यावर वाट चुकून धारेवर आलेले. केतकीचा चेहरा बघताच बाईने पाठीवरची सॅक खाली टाकली. "सरका, मी नर्स आहे. किती वेळ झाला?" एका डबीतून तिने इंजेक्शन काढलं, भरलं आणि केतकीच्या मांडीत दिलं. तिचा भाऊ पांढरा पडला होता. "ताई, अगं, तुझ्यासाठी एकच होतं ना ते?" ती म्हणाली, "तिला आत्ता लागतंय रे." मग आम्हाला समजलं. तिला स्वतःलाच मधमाशीचा डंख बाधतो, म्हणून ते औषध ती जवळ बाळगायची.

हळूहळू केतकीचा श्वास मोकळा झाला. मी त्या बाईचे पाय धरायला वाकले. "देवीनेच धाडलं तुम्हाला," मी रडत म्हटलं. तिने मला खांद्याला धरून उभं केलं. "आम्ही बौद्ध आहोत, ताई. मला कुणी धाडलं नाही, वाट चुकले. चला, हिला दवाखान्यात न्यायचंय, औषधाचा असर फार टिकत नाही."

पोरांनी काठ्या आणि चादरींची झोळी करून केतकीला उचललं. उतरणीची वाट कड्यापासून दूर असली तरी चुकार माश्या घोंघावत होत्याच. मी माझा रेनकोट सिस्टरांना डोक्यापासून पायापर्यंत घातला आणि त्यांच्याजवळून चालले. गाव येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. त्यांना एकही डंख बसला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी केतकीला रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी घरी सोडलं.

पुढे कळलं, सिस्टर राहतात आमच्या घाटकोपरलाच, स्टेशनच्या पलीकडे. आता जाणं-येणं आहे. बुद्धपौर्णिमेला त्या खिरीचा डबा पाठवतात, नवरात्रात मी त्यांना जेवायला बोलावते आणि त्या येतात. मी पुन्हा देवीपुढे बसते. मागते थोडं, बरंचसं तिच्यावर सोपवून उठते. यजमान का गेले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि त्यावाचून मन आता अडत नाही. सिस्टर अजूनही म्हणतात, "मी फक्त वाट चुकले होते, ताई." मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्या दिवशी मी हाक मारली, तेव्हा देवीनेही माझ्याशी घातला नव्हता.