तापातलं लंघन

माझ्या चार वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवायचं नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिच्या शरीराला चरबीतून ताकद काढता येत नाही. जन्मापासूनच तसं आहे, आम्हा नवरा-बायको दोघांकडून आलेलं. म्हणून दर तीन तासांनी पोटात काहीतरी हवं, भात, पेज, नाचणीची भाकरी. तूप-तेल अगदी बेताचं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं एक वेगळं तेल. आजारी पडली तर साखरपाणी पाजत राहायचं. पण लोकांना औषध म्हणजे गोळीच लागते. "खाऊन कोन बरा होतो गो?" असं म्हणून शेजारीण हसायची आणि पोरीच्या हातात तुपाचा लाडू ठेवायची.

त्या दिवशी मी रेशन कार्डाच्या कामाला मुरबाडला गेले होते. लेक सासूबाईंजवळ. दुपारी टोकावड्याला एसटीतून उतरून घरी आले, तर पोर ओटीवर ओल्या फडक्यासारखी पडलेली. सकाळी ताप आला, दोनदा उलटी झाली, आणि सासूबाईंनी तिला लंघन घातलं. साखरेचा डबा फळीवर तसाच होता.

"तापात पोट रिकामा ठेवतात गो. आमी पोरं वाढवली नाय का?"

मायेनेच केलं होतं त्यांनी. त्याने माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मी पाजलेलं साखरपाणी ओठांतून बाहेर ओघळलं. शेजाऱ्याच्या जीपने मुरबाड गाठलं, सासूबाईही सोबत आल्या. तिथला डॉक्टर म्हणाला, "उलट्या आहेत ना, मग पोटाला आराम द्या." एवढा शिकलेला माणूस, आणि तेच! मुंबईच्या डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेलं पत्र मी त्याच्या टेबलावर आपटलं. "आधी वाचा, मग बोला!" त्याने वाचलं, आणि धावपळ करत ग्लुकोज लावलं. बऱ्याच वेळाने लेकीने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली.

सासूबाईंनी पत्रात काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "माझा थोरला पोरगा असाच तापात गेला. दोन दिस पान्याशिवाय काय दिला नव्हता मी त्याला. त्याला पन हेच आसंल का गो?"

"काय माहीत, दुसरंही काही असेल," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी ते म्हटलं नाही. इतका राग होता माझ्यात. मी गप्प बसले, आणि त्या समजायचं ते समजल्या.